वादळाची चाल

एखादा माणूस धाडकन दार उघडून घरात शिरला, दोन-चार शब्द सुनावून आला तसा निघून गेला, की आपण म्हणतो, "वादळासारखा आला आणि वादळासारखा गेला!" ही उपमा आपल्या भाषेत इतकी मुरली आहे की तिला कोणी पुरावा मागत नाही. पण ज्याने वादळाची चाल मोजली आहे अशा माणसासमोर ती वापरून पाहा. तो हसेल. भर समुद्रातले थोरले वादळ ताशी पंधरा ते पंचवीस किलोमीटरने चालते. म्हणजे सायकलवरून टपाल वाटत येणाऱ्या आपल्या गावच्या पोस्टमनएवढा त्याचा वेग! पोस्टमनला आळीच्या तोंडाशी पाहिल्यावर आपल्याला सदरा चढवून दारात येण्यापुरता अवधी मिळतो. वादळ तर आपल्याला पुष्कळदा चार-चार दिवसांचा अवधी देते.

यात घोळ होतो तो दोन वेगांचा. अंगणात पोराने भोवरा सोडलेला आठवा. भोवरा स्वतःभोवती गरगर फिरतो तो एक वेग, आणि फिरता फिरता तुळशीवृंदावनाकडून पायरीकडे सरकतो तो दुसरा. वादळाचेही तसेच. त्याच्या पोटातला वारा ताशी दोनशे किलोमीटरने फिरत असेल, पण ते वादळ म्हणून जे काही आहे ते आपले सावकाश सरकत असते. घरे पाडतो तो पहिला वेग. माणसे वाचतात की मरतात हे बरेचसे दुसऱ्यावर ठरते. हे सगळे कागदावर वाचता येते. पण ते पटायचे असेल तर गॅल्व्हेस्टनला जावे.

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरात माझी भाची मेधा राहते. तिच्याकडे मुक्काम असताना एका रविवारी तिने आणि जावईबापूंनी मला मोटारीत घातले आणि तासाभरात समुद्रावर नेऊन सोडले. पूल ओलांडला की गॅल्व्हेस्टनचे बेट लागते. बेट कसले, किनाऱ्याला समांतर पडलेली वाळूची पट्टीच ती! लांबी सुमारे ४३ किलोमीटर, आणि रुंदी जेथे जास्त तेथेही जेमतेम पाच. एका बाजूला मेक्सिकोचे आखात, दुसऱ्या बाजूला खाडी. जुन्या पेठेत विटांच्या भक्कम इमारती, लोखंडी नक्षीचे सज्जे, आइस्क्रीमची दुकाने, आणि समुद्राच्या अंगाला मैलोगणती लांब अशी काँक्रीटची भिंत. भिंतीच्या माथ्यावर रुंद रस्ता. त्यावर पोरे सायकली दामटत होती, म्हातारे बाकांवर ऊन खात होते. आमच्या चौपाटीसारखेच वातावरण. फक्त भेळवाला तेवढा नव्हता.

"मामा, ही भिंत कशासाठी बांधली ठाऊक आहे ना?" मेधाने विचारले.

भिंतीवरच एक ब्रॉन्झचे शिल्प आहे. त्यात पुरुष, स्त्री आणि मूल एकमेकांना बिलगून उभी आहेत. पुरुषाचा एक हात आभाळाकडे गेला आहे. तारीख, ८ सप्टेंबर १९००. अमेरिकेच्या इतिहासात निसर्गाच्या कोपाने एवढी माणसे दुसऱ्या कोणत्याही दिवशी मेली नाहीत. सहा हजार ते बारा हजार असे आकडे देतात; बहुतेक लोक आठ हजार म्हणतात. गावाची वस्ती होती सदतीस-अडतीस हजार. म्हणजे पाच माणसांच्या घरातले एक माणूस गेले असा हिशेब होतो.

आता त्या वादळाचा प्रवास पाहा. २७ ऑगस्ट १९०० च्या सुमारास ते पहिल्यांदा कोणाच्या तरी नोंदीत आले, तेव्हा ते अटलांटिकच्या ऐन मध्यावर होते. अशा वादळांचे बीज बहुधा आफ्रिकेच्या बाजूला पडते. तेथून ढगांची एखादी लाट पश्चिमेकडे निघते, केप व्हर्द बेटांजवळून समुद्रावर उतरते आणि कोमट पाण्यावर पोसत जाते. ती वाफ वर चढली, तिचे पाणी झाले, की उष्णता सुटते. त्या उष्णतेने हवा आणखी वर जाते, खालून आणखी वाफ ओढली जाते. हा सगळा भट्टीचा कारभार. मात्र समुद्राचे पाणी साधारण २६-२७ अंशांपेक्षा उबदार असले तरच ही भट्टी पेटते.

भट्टी स्वतःची असली तरी पाय मात्र दुसऱ्याचे. वादळाला स्वतःची अशी वाट नसते. ओढ्यात पडलेला भोवऱ्याएवढा भोवरा जसा प्रवाहाबरोबर वाहत जातो, तसे ते आजूबाजूच्या विशाल वाऱ्यांबरोबर वाहते. विषुववृत्ताच्या वरच्या पट्ट्यात हे वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात, म्हणून वादळ पश्चिमेला येते. पुढे उत्तरेला सरकल्यावर त्याला पश्चिमेकडून येणारे वारे गाठतात आणि ते ईशान्येला वळवतात. केव्हा आणि कोठे वळायचे हे वादळ ठरवत नाही. त्या वळणावरच शहरांचे नशीब ठरते.

तर ते १९०० सालचे वादळ अँटिलीस बेटे ओलांडून, हिस्पॅनिओलावरून, क्यूबावर आले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याने क्यूबाला पावसाने झोडपून काढले. तेव्हा अटलांटिकच्या मध्यापासून गॅल्व्हेस्टनपर्यंतचा त्याचा एकंदर प्रवास मोजला, तर तो सुमारे साडेपाच-सहा हजार किलोमीटरचा होतो. दिवस लागले बारा. म्हणजे ताशी वीस किलोमीटर! हवानापासून गॅल्व्हेस्टन सुमारे चौदाशे किलोमीटर. त्या शेवटच्या टप्प्याला जवळजवळ तीन दिवस लागले. तारायंत्र तर केव्हाच आले होते. हवानाहून तार काही मिनिटांत पोहोचू शकत होती. वादळ सायकलवर होते आणि बातमीला पंख होते; शर्यत जिंकायला कसलीच अडचण नव्हती.

अडचण कोठे आली? हवानात बेलेन नावाचे जेझुइट पाद्र्यांचे विद्यालय होते आणि त्यात एक वेधशाळा होती. फादर बेनितो विन्येस या पाद्रीबाबांनी ढगांची ठेवण, समुद्राच्या लाटा आणि वायुभारमापक यांवरून वादळे ओळखण्याचे शास्त्र तेथे उभे केले. त्यांच्या पश्चात फादर गांगोइते वेधशाळा पाहत. वादळ आखातात शिरून बळावते आहे आणि टेक्सासकडे चालले आहे, असे हवानाच्या जाणकारांना दिसत होते. वॉशिंग्टनच्या हवामान खात्याचा अंदाज वेगळा. त्यांच्या मते वादळ फ्लोरिडा ओलांडून ईशान्येला वळायला हवे होते. वादळे तशी वळतात असा नियमच होता त्यांच्याकडे. त्या वेळी क्यूबावर अमेरिकेचा ताबा होता, आणि क्यूबातल्या वेधशाळांचे वादळविषयक अंदाज तारेने बाहेर जाऊ नयेत, अशी व्यवस्था याच खात्याने ऑगस्टअखेर केली होती. क्यूबातले लोक उगाच भिववतात, असा वरिष्ठांचा समज! तारेच्या पंखांना असा दोर बांधला गेला, आणि वादळ मात्र आपल्या गतीने येत राहिले.

हसण्यासारखी गोष्ट नाही; आपल्याकडेही असेच घडले आहे. ‘सायक्लोन’ हा शब्द मुळात कलकत्त्यात जन्मला. हेन्री पिडिंग्टन या तिथल्या साहेबाने वादळांच्या नोंदी जमवता जमवता १८४८ च्या सुमारास तो रूढ केला. सुंदरबनाच्या बाजूला मातला नदीवर नवे बंदर बांधायचे घाटत होते, तेव्हा याच साहेबाने १८५३ मध्ये गव्हर्नर जनरलला पत्र लिहून कळवले की एक दिवस वादळाबरोबर समुद्राचा लोंढा येईल आणि बंदर बुडेल. बंदर बांधले. पोर्ट कॅनिंग त्याचे नाव. १८६७ मध्ये वादळ आले आणि बंदर निकालात निघाले.

गॅल्व्हेस्टनच्या हवामान कचेरीचे प्रमुख होते आयझॅक क्लाइन. १८९१ साली त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून ठासून सांगितले होते की या गावाला वादळापासून गंभीर धोका आहे असे मानणे हा निव्वळ भ्रम. गावकऱ्यांना ते आवडले. समुद्राला भिंत बांधण्याचा खर्च वाचला. त्या काळी गाव श्रीमंत होते, कापसाच्या निर्यातीवर गब्बर झालेले. गावातली सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून नऊ फुटांच्याही आत होती, आणि ८ सप्टेंबरच्या शनिवारी समुद्र पंधरा फुटांच्या वर चढला! सकाळी पाणी रस्त्यात आले तेव्हा पोरे त्यात होड्या सोडत होती. संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास वारा मोजण्याचे यंत्र ताशी शंभर मैलांची नोंद करून उडून गेले. पुढे वारा किती होता हे मोजणारे कोणीच उरले नाही. नंतरच्या शास्त्रज्ञांनी तो ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास धरला आहे. क्लाइनसाहेबांचे घर कोसळले. ते आणि त्यांच्या मुली वाचल्या, पत्नी गेली.

भिंतीवरून पश्चिमेकडे चालत गेले की एक स्मरणपाटी लागते. तेथे समुद्राकाठी सेंट मेरीचे अनाथालय होते. दहा जोगिणी, त्र्याण्णव मुले. पाणी चढू लागले तेव्हा जोगिणींनी मुलांना वरच्या मजल्यावर नेले, कपडे वाळत घालण्याची दोरी कापली आणि एकेकीने सहा-आठ मुले आपल्या कमरेला बांधून घेतली. मुलांची भीती जावी म्हणून प्रार्थनेचे गाणे म्हणायला लावले. इमारत पडली. तीन मोठी मुले एका झाडाच्या आधाराने वाचली. बाकीची सगळी त्या दोरीसकट गेली. पाटी वाचून झाल्यावर जावईबापूंनी टोपी काढली आणि आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. समुद्र त्या दिवशी अगदी शहाण्यासारखा वागत होता.

वादळ जमिनीवर आले की संपले असे आपण समजतो. त्यात निम्मे खरे आहे. जमिनीवर त्याची भट्टी विझते. खालून वाफ मिळत नाही, झाडे-डोंगर-घरे यांची घासण लागते, आणि पहिल्या दिवसभरातच वाऱ्याचा जोर निम्म्याच्या आसपास येतो. पण मेलेल्या वादळाचे पाय चालतच असतात! गॅल्व्हेस्टन बुडवून ते वादळ ओक्लाहोमा, कॅन्सस, आयोवा असे उत्तरेला चढले. पश्चिमी वाऱ्यांनी त्याला उचलले तशी चाल वाढली. बारा दिवस रमतगमत आलेल्या या पाहुण्याने गॅल्व्हेस्टन ते कॅनडाचा पूर्व किनारा हे सुमारे चार हजार किलोमीटरचे अंतर चार-पाच दिवसांतच कापले. वाटेत शिकागो, बफेलोला वाऱ्याने तडाखे दिले, आणि न्यूफाउंडलंडच्या बाजूला मासेमारीची गलबते बुडवली. त्या कोळ्यांनी गॅल्व्हेस्टनचे नावही ऐकले नसेल.

एकशे आठ वर्षांनी, १३ सप्टेंबर २००८ च्या पहाटे, आइक नावाचे वादळ नेमके गॅल्व्हेस्टनवरच आले आणि थोड्याफार फरकाने त्याच वाटेने गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे दीड दिवसात दीड हजार किलोमीटर तोडून, त्याचे अवशेष ओहायो नदीच्या खोऱ्यात पोहोचले. सिनसिनाटी, लुइव्हिल या शहरांना समुद्र स्वप्नातही दिसत नाही. तेथे झाडे उन्मळली आणि लाखो घरांतले दिवे गेले. रविवारची सुटी होती. आभाळातून फारसा पाऊसही नव्हता, नुसता वारा! लोकांना कळेना की हा कोठला उपद्रव.

पाऊस असला तर आणखी वाईट. १९६९ च्या ऑगस्टमध्ये कॅमिल वादळ मिसिसिपीच्या किनाऱ्यावर आदळले. दोन दिवसांनी, ते संपले असे सगळे धरून चालले असताना, रात्रीच्या झोपेत व्हर्जिनियाच्या डोंगराळ मुलुखात त्याने असा पाऊस ओतला की दरडी कोसळून शंभरावर माणसे गेली. २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन वादळाने तीच गत उत्तर कॅरोलायनाच्या डोंगरांची केली. फ्लोरिडाच्या किनाऱ्यापासून ते डोंगर काही शे किलोमीटर आत आहेत.

चालीचेही प्रकार असतात. काही वादळे घोड्यावर बसतात. २१ सप्टेंबर १९३८ रोजी एक वादळ सकाळी हॅटेरस भूशिरापाशी होते आणि दुपारी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर! ताशी पंच्याहत्तर किलोमीटरहून अधिक चाल. आगगाडीवरून लोकांनी त्याला ‘लाँग आयलंड एक्सप्रेस’ असे नाव दिले. अशा वेळी वादळाच्या उजव्या अंगाला भोवऱ्याचे दोन्ही वेग एकात एक मिळतात आणि वारा अधिकच माजतो. सूचना वेळेवर मिळाली नाही आणि सहाशेवर माणसे मेली. उलट काही वादळांना बसकण मारायची खोड असते. त्यांच्याविषयी मेधाला विचारावे.

"हार्वी!" ती म्हणाली. "ऑगस्ट २०१७. मामा, ते आमच्यापासून अडीचशे किलोमीटर लांब किनाऱ्याला लागलं. आम्ही म्हटलं, सुटलो. आणि मग ते जागचं हलेचना. चार दिवस पाऊस. मी खिडकीत बसून पायऱ्या मोजत होते. पाचातल्या तीन बुडाल्या."

"मग?"

"मग काय, चौथी वाचली. शेजारच्या रस्त्यावर लोकांना होडीतून काढलं."

ह्यूस्टनच्या पूर्वेला एका ठिकाणी त्या चार-पाच दिवसांत दीड हजार मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला गेला. मुंबईच्या सबंध पावसाळ्याच्या निम्म्याहून अधिक! म्हणजे वेगवान वादळ वाऱ्याने मारते आणि मंद वादळ पाण्याने. आणि अंतराचे म्हणाल, तर पॅसिफिक महासागरात १९९४ मध्ये जॉन नावाचे एक वादळ तेरा हजार किलोमीटरांच्या वर भटकले. पृथ्वीच्या एक तृतीयांश परिघाएवढी ही पायपीट!

गॅल्व्हेस्टनच्या लोकांनी १९०० नंतर जे केले ते पाहून मात्र छाती दडपते. १९०२ मध्ये त्यांनी सतरा फूट उंचीची भिंत घालायला घेतली आणि १९०४ मध्ये पहिला टप्पा पुरा केला. नंतर ती वाढवत नेली. तेवढ्याने भागेना, म्हणून गावच उचलले! दोन हजारांवर इमारती जॅक लावून वर केल्या आणि समुद्रातली वाळू उपसून त्यांच्या पोटाखाली भरली. सेंट पॅट्रिकचे तीन हजार टनांचे देवालय सातशे जॅकांवर पाच फूट वर गेले. आपल्याकडे चाळीचा जिना दुरुस्त करायला मालक-भाडेकरूंची दहा वर्षे जातात, हे मला उगाचच आठवले. १९१५ मध्ये तशाच तोलाचे वादळ आले. पण भिंतीने गाव राखले.

तरी समुद्र हुशार. २००८ मध्ये आइक आले तेव्हा भिंत टिकली, पण पाणी मागच्या खाडीच्या दाराने गावात शिरले. जुन्या पेठेतल्या भिंतींवर ते कोठवर चढले होते याच्या पाट्या आहेत. मी त्यांच्याशेजारी उभा राहिलो तर पाटी माझ्या डोक्याच्या वर. खाऱ्या पाण्याने मुळे जळून रस्त्याकडेचे ओकवृक्ष हजारोंनी वाळले. ते तोडताना काही लोकांनी बुंधे तसेच ठेवले आणि कारागिरांकडून त्यांत बगळे, कुत्री, देवदूत कोरून घेतले. कोणाच्या फाटकात एक मासा आहे, कोणाच्या अंगणात पाखरांचा थवा. आम्ही दुपारभर ते पाहत हिंडलो.

ते वाळके बुंधे पाहताना मला आमचे श्रीवर्धन दिसत होते. १ जून २०२० रोजी अरबी समुद्रात जमलेले निसर्ग वादळ ३ जूनच्या दुपारी रायगडच्या किनाऱ्याला लागले. दोन दिवसांची आगाऊ वर्दी होती, किनाऱ्यावरची हजारो माणसे आधीच हलवली होती, आणि म्हणून ती वाचली. ते सह्याद्रीला अडले नाही. घाट चढून, पुण्याला झोडपून, दुसऱ्या दिवशी सकाळी विदर्भात पोहोचले. किनाऱ्यावरचे संकट किनाऱ्यावरच राहते असे घाटावरच्या माणसाने मानू नये, हे सिनसिनाटीकरांनाही आता ठाऊक आहे.

तेव्हा बातमी कानावर आली की तीन प्रश्न विचारावेत. वादळ आज कोठे आहे? कोणीकडे तोंड आहे? आणि पायात वेग किती? वाऱ्याचा आकडा ऐकून घाबरायला होते, पण आवराआवर करायला किती तास आहेत ते चालीच्या आकड्यावरून कळते. आता उपग्रह आकाशातून पाहतात, बातमी खिशातल्या फोनवर येते, आणि तिला दोर बांधणारा कोणी वरिष्ठ मध्ये नसतो. असलाच तर तो आपल्याच मनात असतो, ‘आजवर कधी आले नाही’ म्हणणारा.

परत आल्यावर मी श्रीवर्धनला दादांकडे गेलो. माझे चुलतभाऊ. निसर्गाने त्यांची वाडी दोन तासांत आडवी केली. आता पुन्हा रोपे लावली आहेत. कमरेच्या वर आली आहेत. सुपारी धरायला सात-आठ वर्षे लागतात, आणि दादांनी सत्तरी ओलांडली आहे. मी त्यांना ओटीवर बसून गॅल्व्हेस्टनची सगळी हकिगत सांगितली. सायकलचा हिशेब सांगितला, वादळ चार-चार दिवस आधी वर्दी देते हेही सांगितले.

दादांनी पानाला चुना लावता लावता ऐकून घेतले.

"म्हणजे पळायला वेळ मिळतो म्हणायचा," ते म्हणाले.

"मिळतो ना. माणसं वाचतात."

"वाचतात, खरं आहे. आम्हीही वाचलो." त्यांनी वाडीकडे पाहिले. "पण माणूस पळेल रे. सुपारी कुठं पळते?"